सहा आणि एक मांडीवरचं

भरतेशनं दोन्ही गाड्यांचे रंगीत कागद माझ्यासमोर पसरले आणि म्हणाला, "अक्का, आता तूच काय ते सांग. तू म्हणशील ती घेऊ."

मी गवार मोडत बसले होते. माझी भावजय सन्मती ओट्यापाशी उभी होती, सातवा महिना, एक हात कमरेवर. गेले तीन दिवस नवरा-बायको एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते, आणि कारण ह्या दोन गाड्या. जुन्या छोट्या गाडीत आता सगळे मावणं शक्य नव्हतं. दोन पोरी वाढत्या वयाच्या, तिसरं येऊ घातलेलं, वर अप्पा आणि आई. मोठी गाडी घ्यायची यावर दोघांचं एकमत होतं. कुठली, यावर अडलं होतं.

भरतेशला एसयूव्ही हवी होती. उंच, काळी, पुढून रेड्यासारखी दिसणारी. पुढं दोन सीट, मध्ये हात टेकायला जागा असलेल्या दोन वेगवेगळ्या खुर्च्या, मागं दोन पोरींपुरती बैठक. जयसिंगपुरात त्याचं शेतीच्या पंपांचं दुकान होतं, बांधकामवाले आणि बागायतदार यांच्यात त्याची ऊठबस होती, आणि दुकानासमोर ती गाडी उभी राहिली की कशी दिसेल ते त्याला आतापासूनच दिसत होतं. सन्मती व्हॅनवर अडून बसली होती. बसकी, लांबलचक, बाजूला सरकणारं दार, तीन रांगा.

आईचे गुडघे गेलेत, त्यांना एवढ्या उंच गाडीत चढता येणार नाही, असं तिचं म्हणणं. पायरी बसवून घेऊ, असं भरतेशचं. मग ती दाराचं बोलली, पोरी धाडकन दार उघडतात आणि मागून मोटारसायकल येते. मग सामानाचं बोलली. तिच्याकडं रोज एक नवं कारण असायचं आणि ते तो रोज खोडून काढायचा. ती बँकेत नोकरीला होती, मुद्द्याचं बोलणारी बाई. असल्या बारीकसारीक गोष्टींवरून ती इतकी का हटून बसली आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

त्याला कारण होतं. ते सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

मी सव्विसाव्या वर्षी माहेरी परत आले. नवरा ऊस वाहतुकीच्या ट्रकखाली सापडला, सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतलं आणि मग भावाला बोलावणं धाडलं. मला आणायला सतरा वर्षांचा भरतेश आला होता. स्टँडवर उतरल्यावर माझी ट्रंक त्यानं खांद्यावर घेतली ती घरापर्यंत खाली ठेवली नाही. वाटेत एक शब्द बोलला नाही. त्या एका गोष्टीवर मी त्याला पुढं एकवीस वर्षं सगळं माफ करत आले. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, सन्मतीची दोन्ही बाळंतपणं, पोरींच्या शाळा, अप्पांचं पथ्य, सगळं माझ्या हातून झालं. कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. घर माझं होतं, असं मी धरून चालले होते.

त्या उन्हाळ्यात बेळगावच्या एका मुलींच्या वसतिगृहातून मला पत्र आलं होतं. तिथल्या ट्रस्टीबाई माझ्या कॉलेजच्या. अधीक्षिकेची जागा, राहायला खोली, साठ मुली. जेवताना मी पत्राचा विषय काढला तर भरतेशचा घास हातातच राहिला. अक्का, तू गेलीस तर हे घर चालेल का, असं म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. सन्मती मात्र म्हणाली, "अक्का, जा तुम्ही. आमचं आम्ही बघू. तुमचं म्हणून काहीतरी असू दे."

मला ते लागलं. वाटलं, हिला मी घरात नकोय. मी दुसऱ्याच दिवशी बेळगावला नकार कळवला, आणि ती गोष्ट मनात धरून ठेवली.

म्हणून त्या दिवशी दोन कागद पुढ्यात आले तेव्हा मी गाड्या बघितल्याच नाहीत. मी सन्मतीकडं बघितलं. रविवारी सगळे दोन्ही गाड्या चालवून बघायला कोल्हापूरला गेले होते, तेव्हाही मी घरीच होते. पाहुणे यायचे होते. त्यामुळं मला त्यातलं काही ठाऊकही नव्हतं.

सन्मतीनं जवळ येऊन व्हॅनच्या कागदावर बोट ठेवलं. बैठकींचं चित्र होतं तिथं. म्हणाली, "अक्का, नीट बघून सांगा."

मी गवारीची शेंग मोडली आणि म्हटलं, "ही तर वडापची गाडी दिसते. दारात उभी केली तर लोक विचारतील, इचलकरंजीला कधी सुटणार म्हणून."

भरतेश खो खो हसला. टाळीसाठी त्यानं हात पुढं केला आणि मी दिली. आतल्या खोलीतून अप्पाही हसल्याचं ऐकू आलं. सन्मतीनं बोट उचललं, ओट्याकडं गेली, गॅस बंद केला. "बरं," एवढंच म्हणाली. त्यानंतर गाडीबद्दल तिनं पुन्हा कधी तोंड उघडलं नाही. मला वाटलं, जिरली.

सप्टेंबरात मुलगा झाला. दसऱ्याला गाडी आली. मीच ओवाळली तिला, चाकाखाली लिंबू मीच ठेवलं. गल्लीतली माणसं बघायला जमली होती आणि भरतेश एकेकाला आत बसवून दाखवत होता. आईला चढवायला दोघांनी दोन बाजूंनी धरावं लागलं.

मग गाडी फिरू लागली. नरसोबाच्या वाडीजवळ कुणाचं लग्न, सांगलीला बारसं, कुंभोजला दर्शन. मी प्रत्येक वेळी घरी राहिले. कधी दूधवाला यायचा होता, कधी पाण्याचा दिवस होता, कधी बाळाची आंघोळ उरकून सगळ्यांना वाटेला लावता लावता माझीच आंघोळ राहून जायची. ते परत आले की गरम जेवण तयार असायचं. मला त्यात काही खुपलं नाही. लहानसहान गावांना जायचं, त्यात काय.

पण त्या वर्षी श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. बारा वर्षांनी येतो तो. आमच्या जैनांच्या घरात त्याचं काय असतं ते वेगळं सांगायला नको. मागच्या खेपेला आईच्या गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं आणि मी तिच्या उशाशी राहिले. बाकीचे जाऊन आले. तेव्हाच मनाशी म्हटलं होतं, पुढच्या वेळी. फेब्रुवारीत जायचं ठरलं. ओळखीच्यांकडून खोल्या मिळाल्या, दिवस ठरला, पोरींनी शाळेत अर्ज दिले. अक्का येणार की नाही, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

दोन दिवस मी वाटेतलं खाणं करत होते. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोरींना पोहे, अप्पांना तिखट नसलेलं वेगळं. पाणी उकळून, गाळून भरून ठेवलं. आणि माझी एक छोटी पिशवी भरली. दोन पांढऱ्या साड्या, शाल, जपमाळ.

सकाळी सातला गाडी दारात लागली. भरतेश मागचं दार वर उचलून सामान रचत होता. मी एकेक डबा आणून देत होते. सगळ्यात शेवटी माझी पिशवी दिली. त्यानं ती घेतली, कुठं बसते ते बघितलं, आणि मग थांबला.

"ही कुणाची?"

"माझी."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. रोजच्या कुलपाला भलतीच किल्ली लागावी तसा गोंधळ होता नुसता.

"तू येतेस, अक्का? मला वाटलं तू घरी आहेस."

तो गाडीत डोकावला. पुढं अप्पा बसले होते, पट्टा लावून. मधल्या एका खुर्चीत आई, दुसरीत बाळाला घेऊन सन्मती. मागं दोघी पोरी आणि त्यांच्यामध्ये बाळाची दुपटी, उशा, गाद्यांची वळकटी. थोरली प्राची म्हणाली, आम्ही सरकतो, आत्त्या मध्ये बसेल. तिनं वळकटी मांडीवर ओढून घेतलीसुद्धा. भरतेश म्हणाला, दहा-बारा तासांचा प्रवास आहे, तिघी कशा बसाल, आणि सामान कुठं ठेवायचं. मग माझ्याकडं वळून त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की समाजाची बस पुढच्या आठवड्यात निघणार आहे, तो वाटेतून फोन करून माझं नाव घालतो. आणि घरालाही कुणीतरी लागतंच की, चार दिवस कुलूप लावून चालायचं नाही.

अप्पांनी पुढचा रस्ता बघितला. आई म्हणाली, "तिचं काय, ती समजूतदार आहे."

मी पिशवी परत घेतली. "जाऊन या सावकाश," म्हटलं. सन्मतीचा चेहरा उतरला होता. ती बाळाला आईच्या मांडीवर देऊन खाली उतरू लागली. मी उतरते, तुम्ही बसा, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. मी तिला दारातच अडवलं. बाळ अंगावर पीत होतं, ते तिच्याशिवाय कसं राहणार. भरतेश म्हणाला, उन्हं चढायला लागलीत, उगाच तमाशा नको. ती तरीही उतरली. बाळाच्या पाण्याची बाटली घरात राहिली म्हणाली.

बाटली तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. मीच घातली होती.

ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं रडणार. रडली नाही. ती चिडली होती.

"मी त्यांना गाडी बघायला गेलो त्या दिवशीच म्हटलं होतं, आठ जणांची घेऊ," ती म्हणाली. "शोरूमच्या माणसानं विचारलं, घरी माणसं किती. हे म्हणाले, सहा आणि एक मांडीवरचं. मी म्हटलं, पुन्हा मोजा. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच."

मी ओट्याला टेकले.

"घरी येईपर्यंत मी वाट बघितली. म्हटलं, आठवेल. शेवटी रात्री मीच सांगितलं, अक्का राहिल्या. तर म्हणाले, अक्का कुठं कुठं येते? ती घरीच असते की."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमच्या भावानं तुम्हाला मोजलं नाही म्हणून? तुम्ही ऐकून घेतलं असतं? म्हणून गुडघ्यांचं सांगत बसले. दाराचं सांगत बसले. म्हटलं, निदान तुम्ही तरी व्हॅन म्हणाल. तुमच्या शब्दाबाहेर ते गेले नसते."

बाहेर हॉर्न वाजला. तिनं ओट्यावरचा एक रिकामा पेला उचलला, पुन्हा ठेवला.

"बेळगावला जा म्हटलं होतं तेही त्याचसाठी," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं, मी घालवतेय तुम्हाला. कळत होतं मला."

दुसऱ्यांदा हॉर्न वाजला तेव्हा ती गेली. मी दारापर्यंत गेले नाही. गाडी सुरू झाल्याचा, वळल्याचा आवाज ऐकला. मग त्या दिवसाची भांडी घासली.

चार दिवस मी एकटी होते. दर्शनाला बस्तीत गेले नाही. शेजारणी विचारतील, तू नाही का गेलीस, आणि मला म्हणावं लागेल, घराला कुणीतरी लागतं. दुसऱ्या दिवशी बेळगावला फोन केला. जागा भरली होती. ट्रस्टीबाईंनी मोकळेपणानं सांगितलं की जूनपासूनच तिथं दुसरी बाई आहे, पण निपाणीजवळ एका लहान वसतिगृहाला गरज आहे, तिथं सोयी नाहीत फारशा. मी म्हटलं, चालेल.

समाजाच्या बसमध्ये माझं नाव घालायचं भरतेश विसरला. चौथ्या दिवशी परतल्यावर त्याला आठवलं, तोवर बस भरून गेली होती. अभिषेकाचं तीर्थ त्यानं बाटलीत भरून आणलं होतं माझ्यासाठी, आणि ते देताना तो खरंच आनंदात होता.

पोरींच्या परीक्षा होईपर्यंत मी थांबले आणि मे महिन्यात निघते म्हणून सांगितलं. भरतेशला ते खरंच समजलं नाही. "एका गाडीवरून, अक्का?" तो म्हणाला. "एवढ्या वर्षांत तुला काही कमी केलं का आम्ही?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. त्यानं नातेवाइकांत सांगितलं की अक्का गाडीत बसायला मिळालं नाही म्हणून रुसून गेली. अजूनही लग्नाकार्यात कुणी मावशी-काकू मला तसं विचारतात आणि हसतात.

सन्मतीनं मला थांब म्हटलं नाही. तिनं माझी बॅग भरली, साड्यांच्या घड्यांत कापूर घातला. मी तिला विचारलं, तुझं कसं होईल. ती म्हणाली, होईल काहीतरी. तिला ठाऊक होतं कसं होणार ते. मलाही ठाऊक असायला हवं होतं. मी त्या दिवसांत फक्त माझा अपमान घेऊन बसले होते. मी गेले की भावाला माझी किंमत कळेल, असं मला वाटत होतं.

भरतेशला काही कळलं नाही, कारण त्याचं काही अडलं नाही. त्याचं जेवण वेळेवर येत राहिलं, अप्पांचं पथ्य चालू राहिलं, पोरी शाळेत वेळेवर गेल्या. दिवाळीच्या सुमारास प्राचीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, मम्मी आता घरीच असते, बँक सोडली. त्याच वर्षी सन्मतीला शाखाधिकारी करणार होते. बारा वर्षं तिनं त्यासाठी दोन पोरींना माझ्या हवाली करून कामं उपसली होती. त्या घरात मला मोजणारं एकच माणूस होतं, आणि माझ्या जाण्याचा सगळा भार नेमका त्याच माणसावर पडला.

मी प्राचीला म्हटलं, मम्मीला दे फोन. ती म्हणाली, आजीला आंघोळ घालतेय. नंतर करायला सांगते. तो फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

चार वर्षांनी अप्पा गेले. मी दहा दिवस राहून आले. त्यानंतर महिन्याभरात एका रविवारी भरतेश गाडी घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी आला. मधल्या खुर्चीत सन्मती होती. ते धर्मस्थळाला निघाले होते. तो उतरला, वाकून माझ्या पाया पडला. त्याचे केस विरळ झाले होते. माझा तोच भाऊ. त्यानं माझा हात धरला आणि अगदी मायेनं म्हणाला, "अक्का, चल की आमच्याबरोबर. आता अप्पांची जागा रिकामीच आहे."

सन्मतीनं डोळे मिटून घेतले.

मी त्याला सांगितलं की मुली आहेत, सोडून येता येत नाही. खरं तर रविवारी दुसऱ्या बाई असायच्या. तो हळहळला, परत कधीतरी म्हणाला, आणि टायरमधली हवा बघायला गाडीच्या मागं गेला. मी सन्मतीच्या खिडकीशी गेले. तिनं काच खाली केली. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या कानांमागं पांढरं दिसू लागलं होतं.

"किती मुली आहेत इथं?" तिनं विचारलं.

"एकोणचाळीस."

"सगळ्यांची नावं येतात?"

"येतात."

ती थोडा वेळ अंगणात दोरीवर वाळणाऱ्या गणवेशांकडं बघत राहिली. मला म्हणायचं होतं, सन्मती, त्या दिवशी मी कागद बघितलाच नव्हता. मला म्हणायचं होतं, उतर, चार दिवस राहा माझ्याकडं, खोली आहे. मी खिडकीवर हात ठेवला.

तेवढ्यात भरतेश येऊन बसला, एसी लावतो म्हणाला, आणि त्याच्या बाजूच्या बटणानं तिच्याकडची काच वर केली. मी हात काढून घेतला.